कन्या 3 : गुहागरकडच्या एका घरात दीडशे वर्षांपूर्वीचं मुलीचं नाव शोधताना

मी जुनी घरगुती कागदपत्रं आणि मोडी वाचून द्यायचं काम करते, त्यातलंच हे एक प्रकरण. घराची ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि आडनाव गाळलंय. घरातल्या माणसांची नावंही बदललीयत, बदलताना त्याच काळातली आणि त्याच तऱ्हेची नावं घेतलीयत, म्हणजे मुद्दा बिघडत नाही. जी नावं सगळ्यांना माहीत असलेल्या लोकांची आहेत ती मात्र आहेत तशीच ठेवलीयत.

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अंगाला एक गाव, तिथे नारळ-पोफळीचं आगर असलेलं जुनं घर. आजोबा शाळेतून रिटायर झालेले, वय 78, ते आणि आजी दोघंच गावी राहतात. मुलगा-सून ठाण्याला. 2025 च्या फेब्रुवारीत सुनेला मुलगी झाली. बाराव्या दिवशी सगळ्यांनी गावी येणं शक्य नव्हतं, त्यामुळे बारसं मे महिन्यात गावच्या घरी करायचं ठरलं, तसंही हल्ली बरेच चाकरमानी तसंच करतात.

आता गंमत अशी की या घरात जुनं नाव हवं की नवं यावर अजिबात वाद नव्हता. आजोबांना घराण्यातलं जुनं नाव हवं होतं आणि सुनेलाही तेच हवं होतं, दोन अक्षरी फॅशनेबल नावं तिला नको होती. मुलगा झाला असता तर तासाभरात विषय मिटला असता, कारण आजोबांकडे वंशावळ आहे, त्यांच्या चुलत्यांनी 1960 च्या दशकात ड्रॉइंग पेपरवर काढून मागे कापड चिकटवलेली. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या तीन पिढ्या अगदी ठसठशीत आहेत. केशव, केशवाचा महादेव, महादेवाचे मुलगे केशव, धोंडो आणि भिकाजी. कोकणातलं कुठलंही घर घ्या, असंच दिसेल. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, म्हणून केशव परत आला. मग मधे 'दोन पुत्र बाल्यात मृत' असं बारीक अक्षरात लिहिलंय आणि त्याच्यापुढे धोंडो आणि भिकाजी आहेत. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगड-धोंड्याचं ठेवायचं, देवाकडे भीक मागून आणलाय असं सांगायचं, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर जाणार नाही, ही त्या काळची सगळीकडची समजूत. महर्षी कर्वे 1858 सालचे, दापोलीजवळच्या मुरूडचे, त्यांचं नावही धोंडोच. रमाबाई आंबेडकरांचे वडील दापोलीजवळच्या वणंदचे, त्यांचं नाव भिकू. म्हणजे ही रीत कुठल्या एका जातीची नव्हती, लेकरं जाण्याचं दुःख सगळ्या वाड्यांमध्ये सारखंच होतं.

अडचण कुठे आली

मुलगी झाल्यावर आजोबांनी वंशावळ काढली आणि बायकांची नावं बघितली. लक्ष्मी, सरस्वती, पार्वती, परत लक्ष्मी, जानकी, राधा, रमा, परत लक्ष्मी. सगळी कंसात. 'प्रथम भार्या लक्ष्मी, द्वितीय भार्या सरस्वती' अशी. आजोबा म्हणाले जानकी ठेवूया, छान आहे, माझ्या पणजीचं नाव.

सुनेने तेव्हा एक प्रश्न विचारला आणि सगळं प्रकरण तिथून सुरू झालं. ती म्हणाली, बाबा, ही सगळी नावं लग्न करून आलेल्यांची आहेत, या घराने त्यांना दिलेली, मग या घरात जन्मलेल्या मुलींची नावं कुठायत?

कुठेच नव्हती. महादेवाच्या चौकटीखाली तीन मुलग्यांच्या रेघा आणि बाजूला 'कन्या 3' एवढंच. बाकीच्या पिढ्यांत तेवढंही नाही.

ही एकट्या या घराची गोष्ट नाहीये, म्हणून इथे थोडं थांबते. आपण एकोणिसाव्या शतकातली मुलींची लोकप्रिय नावं म्हणून ज्या याद्या बघतो त्यातली बरीचशी नावं पाळण्यात ठेवलेली नाहीतच, ती सासरी ठेवलेली आहेत. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई, पण दापोली तालुक्यातल्या लाडघरच्या बाळांच्या घरी ती मुलगी तापी होती. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी कल्याणला यमुना होत्या, नवव्या वर्षी लग्न झालं आणि आनंदी झाल्या. रमाबाई रानडेसुद्धा माहेरच्या यमुनाच. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी माहेरच्या गोदू, पुनर्विवाहानंतर आनंदीबाई. या चौघींची माहेरची नावं आपल्याला कळतात ती त्या किंवा त्यांचे नवरे मोठे झाले आणि कोणीतरी चरित्र लिहिलं म्हणून. बाकीच्या लाखो मुलींचं काय? आठव्या-नवव्या वर्षी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, सासरच्या कागदात तेच चढलं, आणि वंशावळ तर सासरचीच असते.

नाव बदलायला कारणंही घरगुती असायची. सासूचं आणि नव्या सुनेचं नाव एकच निघालं तर चालायचं नाही. नवरा नारायण असला तर बायको लक्ष्मी हवी. बायका नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत, त्याचा परिणाम मुलग्यांवरही व्हायचा, म्हणजे नातवाला आजोबाचं नाव ठेवलं की त्याच्या आईला स्वतःच्याच मुलाला हाक मारता यायची नाही, मग तो बाळ, तात्या, नाना, बापू असा काहीतरी व्हायचा. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पणजोबांचं, पण जगाला ठाऊक आहेत ते बाळ गंगाधर. मुलग्यांच्या बाबतीत फरक एवढाच की पाळण्यातलं नाव कागदावर टिकायचं आणि हाकेचं नाव वर चढायचं. मुलीचं पाळण्यातलं नाव मात्र पूर्ण गळूनच जायचं.

तर अडचण ही अशी. नाव या घरात जन्मलेल्या मुलीचंच हवं हा सुनेचा हट्ट, आणि मला विचाराल तर तो रास्त होता. कागद मात्र त्या मुलींची फक्त संख्या सांगत होता.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सोपा पर्याय आजोबांचा, जानकी ठेवा आणि मोकळे व्हा. घराण्याचंच नाव, पणजीचा मान राहतो, कानालाही गोड. आत्याच्या मुलीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या मराठी नावांची यादी टाकली, त्यातून रमा, आनंदी असं काही घ्यायचं हा दुसरा. नाव जुनं होईल पण या घराशी त्याचा संबंध नाही.

तिसरा म्हणजे घरातले कागद शोधून त्या तीन कन्यांची नावं निघतायत का बघायचं. यात धोका होता की दोन महिने जातील आणि हाती काहीच लागणार नाही. चौथा मधला मार्ग मोठ्या काकांनी सुचवला, नक्षत्राचं एक, पाळण्यातलं एक आणि कागदावरचं एक अशी वेगवेगळी नावं ठेवा, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल. ही रीत जुनीच आहे, पण सुनेला ती पटली नाही, कारण मग जुनं नाव पाळण्यापुरतंच राहणार आणि शाळेत दुसरंच लागणार, म्हणजे परत तेच झालं.

त्यांनी मला फोन केला तो तिसरा पर्याय जमेल का हे विचारायला. मी आधी एकच गोष्ट विचारली, जन्माच्या दाखल्याचं काय केलंत? कारण अशा वेळी माणसं घाईघाईने काहीतरी नाव दाखल्यावर चढवतात आणि मग बदलायला वणवण करतात. तशी गरज नसते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची हे खरं, पण नाव लगेच द्यायलाच हवं असं नाही, नावाशिवाय नोंद होते आणि पुढच्या 12 महिन्यांत नाव फी न भरता चढवता येतं, त्यानंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून येतं. त्यांनी जन्म नोंदवला होता पण नावाचा रकाना रिकामा ठेवला होता. म्हणजे वेळ होता. हा पहिला निर्णय नकळत बरोबर झाला होता आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे शक्य झालं.

काय केलं

माळ्यावर एक लाकडी पेटी होती. अशा पेट्या कोकणात अजून बऱ्याच घरांत आहेत, आणि वाळवी, कसर आणि चार महिन्यांची दमट हवा यांतून जे उरतं ते उरतं. यातले खालचे कागद एकमेकांना चिकटलेले होते, ते आम्ही सोडवायच्या नादी लागलो नाही, वरचे तेवढे हलक्या हाताने मोकळे केले आणि प्रत्येकाचा फोटो काढला.

पेटीत काय होतं ते सांगते, कारण नावं कुठे सापडतात हे यावरून कळतं. जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या होत्या, लांबच लांब, वर गणपतीचं चित्र, आणि सगळ्या मुलग्यांच्या. एकाही मुलीची नाही. सारावसुलीचे कागद होते, त्यात कुळांची नावं, रामा, धाकू, सोनू, लखमा, अशीच तुटक, पुढे ना जी ना राव. दुकानदाराच्या उधारीचे हिशेब होते. आणि लग्नाच्या यादी होत्या, म्हणजे लग्नात कोणाला काय दिलं, किती तांदूळ लागले, किती नारळ, मुलीच्या अंगावर काय घातलं, याचं टाचण. मला आशा होती ती यांचीच. कारण मुलीचं लग्न होईपर्यंत ती माहेरच्याच नावाने असते आणि खर्च माहेरचा असतो, म्हणजे बापाने हिशेब लिहिला तर त्यात ते नाव यायलाच हवं.

आलं. पहिल्या यादीच्या डोक्यावर 'चि. गोदू इचे लग्नाची याद'. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळीखाली सलग चालतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुतेक पाळलेलाच नसतो, त्यामुळे 'चिगोदुइचेलग्ना' असं एकसंध काहीतरी डोळ्यासमोर येतं आणि त्यातून नाव सोडवावं लागतं. शके 179 इथपर्यंत आकडे स्वच्छ होते, शेवटच्या आकड्यावर मात्र डाग. 8 की 9? एका वर्षाचा प्रश्न आहे असं वाटेल, पण पुढे सासरच्या घराशी ताळा घालायचा तर वर्ष पक्कं हवं. सुदैवाने लिहिणाऱ्याने संवत्सरही, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नावही घातलं होतं, धाता. धाता संवत्सर म्हणजे शके 1798. शकात 78 मिळवले की इंग्रजी साल येतं, पौषाच्या मधेच इंग्रजी वर्ष बदलत असल्यामुळे त्याच्या पुढच्या तिथींना 79 मिळवायचे. हे लग्न वैशाखातलं, म्हणजे 1876. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी शकाच्या आकड्यासोबत संवत्सराचं नाव नेहमी बघा, आकडा पुसला तरी नाव वाचवतं.

दुसऱ्या एका यादीत ठकू मिळाली. तिच्या सासरच्या गावाचं नाव वाचता येत होतं पण आडनावाचा भाग कसरीने खाल्लेला. तिसरी मात्र लग्नाच्या कागदात नव्हतीच. ती सापडली एका चिठोऱ्यावर, 'चि. वेणू इजला देवी आल्या', म्हणजे देवीचा आजार झाला, आणि पुढे ग्रामदेवतेला बोललेला नवस, खण आणि नारळ. त्यापुढे वेणूचं नाव कुठल्याच कागदात नाही.

सून हे सगळं ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर बघत होती, मांडीवर बाळ. ठकू, गोदू, वेणू असं मी म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. 'कन्या 3' ला पहिल्यांदाच नावं मिळाली होती.

दुसरं काम पडताळणीचं. गोदूच्या यादीत नवऱ्या मुलाचं नाव, आडनाव आणि गाव होतं, दाभोळच्या खाडीपलीकडचं, दापोली तालुक्यातलं. त्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीसकट घराण्याची माहिती देणारं पुस्तक, छापलेला आहे. मुलगा आणि सून एप्रिलमध्ये गावी आले तेव्हा धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे गेले, त्या घरी बसले, पुस्तक उघडलं. नवऱ्याचं नाव जुळलं, बायको एकच, आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'सरस्वती', कंसात माहेरच्या गावाचं आणि घराण्याचं नाव, यांचंच. म्हणजे इकडची गोदू तिकडे सरस्वती. त्या घरातल्या कोणालाही गोदू हे नाव माहीत नव्हतं. त्यांच्या खापरपणजीला तिच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली हे त्यांना जवळपास दीडशे वर्षांनी कळलं.

निर्णय कसा झाला

आता तीन नावं होती आणि खरा वाद इथे झाला.

ठकू पहिल्याच बैठकीत मागे पडलं, शाळेत मुलं छळतील ही सुनेचीच काळजी. वेणू सगळ्यांत गोड होतं आणि मुलाला तेच हवं होतं, पण आजींनी ठाम नकार दिला. देवींच्या साथीत गेलेल्या लेकराचं नाव माझ्या नातीला नको, असं त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला की ती गेली असं कुठे लिहिलंय, फक्त पुढे उल्लेख नाही. तर्काने त्याचं बरोबर होतं आणि कागदही त्यापलीकडे काही सांगत नव्हता, मी तेवढंच सांगितलं. पण नाव रोज तोंडात घ्यायचं असतं, आणि आजीला ते घेताना दरवेळी धस्स होणार असेल तर तर्क जिंकून काय मिळणार. सून त्या बैठकीत सासूच्या बाजूने उभी राहिली आणि वेणू तिथेच सुटलं.

राहिलं गोदा. आजोबांना आवडलं पण त्यांचा जीव अजून जानकीत अडकलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, माझी पणजी जानकी म्हणून जगली, जानकी म्हणून गेली, या घरात पन्नास वर्षं राबली, तिचं खरं नाव ते नाही असं म्हणणारे तुम्ही कोण? मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. सासरचं नाव खोटं नसतंच, ती बाई त्या नावाने जगलेली असते, तिच्या मुलांनी तिचं श्राद्ध त्याच नावाने केलेलं असतं. पाळण्यातलं नाव शोधणं म्हणजे सासरचं पुसणं असं झालं तर तेही अन्यायाचंच होईल. सुनेला हे पटलं आणि ती म्हणाली की वंशावळीत दोन्ही नावं लिहूया, जिथे कळतील तिथे.

मग आजी बोलल्या. त्यांचं लग्न 1970 च्या दशकातलं, माहेर संगमेश्वरकडचं. त्या म्हणाल्या, वंशावळीत माझं नाव काय लिहाल? तेव्हा मुलाच्या लक्षात आलं की आपल्याला आईचं माहेरचं नाव नीट ठाऊकच नाही, मामा ताई म्हणतो आणि गावात सगळे वहिनी. माहेरी त्या कुसुम. लग्नात आजोबांनी ताटात जे नाव लिहिलं ते त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं. तक्रार म्हणून नाही म्हणाल्या त्या, नुसतं सांगितलं, पण आजोबा उठून आत गेले आणि पेन घेऊन आले आणि वंशावळीवर स्वतःच्या नावाच्या कंसात आधी कुसुम लिहिलं.

त्यानंतर गोदाला कोणी विरोध केला नाही. आता गोदू लिहायचं, गोदा की गोदावरी, यावर थोडा खल झाला. यादीत गोदू आहे ते लाडाचं रूप, पूर्ण नाव गोदावरी असणार हे उघड आहे, पण ते कागदावर कुठे नाही. दाखल्यावर गोदा घ्यायचं ठरलं, घरात गोदू म्हणायला सगळे मोकळे.

एक निरीक्षण इथे नोंदवते. गोदा, यमुना, काशी, भागीरथी, कृष्णा, तापी ही त्या काळची मुलींची फार आवडती नावं, सगळी नद्यांची आणि तीर्थांची, आणि बहुतेक सगळी घाटावरची किंवा त्याहून लांबची. या किनाऱ्यावरच्या कित्येक मुलींनी जन्मात गोदावरी पाहिली नसेल. दाराशी वाहणाऱ्या वाशिष्ठीचं नाव मात्र मी वाचलेल्या कागदांत कुठल्या मुलीला ठेवलेलं दिसलं नाही. आईबापांना स्वतःला जिथे जाता येणार नाही ते तीर्थ लेकीच्या नावाने घरात यायचं, असं मला हे कागद वाचताना नेहमी वाटतं.

काय झालं

मे महिन्यात बारसं झालं. माजघरात पाळणा, घुगऱ्या, बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून बाळ देत 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' केलं आणि आत्याने कानात कुर्रर्र करून गोदा सांगितलं. भटजींनी पुष्य नक्षत्राच्या 'हे' अक्षरावरून हेमलता काढून दिलं ते पत्रिकेत राहिलं. खाडीपलीकडच्या घरातून दोघीजणी आल्या होत्या, सरस्वतीच्या वंशातल्या.

दाखल्यावर नाव चढलं. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आलाय, त्यामुळे गोदाच्या नावात तिच्या आईचं नाव आपोआप आलं. सुनेने लग्नानंतर नाव बदललेलंच नाही. म्हणजे दीडशे वर्षांनी हा दाखला कोणाच्या हाती लागला तर निदान या दोघींना शोधावं लागणार नाही.

कुळांची नावं असलेल्या कागदांचे फोटोही घराने वाडीतल्या लोकांना दिले. हे मी आग्रहाने सुचवलं होतं. ज्यांच्या घरी पेटी नव्हती, पत्रिका करून घ्यायची ऐपत नव्हती, त्यांच्या पूर्वजांची नावं अशी दुसऱ्याच्याच माळ्यावर पडलेली असतात, आणि त्यांच्यासाठी जुनी नोंद म्हणजे कधी कधी जातीच्या दाखल्याचा पुरावा असतो. त्यांच्या बाबतीत दुसरी जागा म्हणजे जुन्या मराठी शाळांची रजिस्टरं, तिथे पोराचं घरातलं नाव जसंच्या तसं उतरलेलं सापडतं. साताऱ्याच्या शाळेत 1900 साली बाबासाहेबांचं नाव भिवा रामजी आंबेडकर असंच आहे, भीमराव नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, आजींना सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. घरातल्या सगळ्यांनी पेटी उघडली, खाडी ओलांडली, आणि माहेरचं नाव बदललेली एक बाई रोज सगळ्यांना चहा देत होती तिला कोणी काही विचारलं नाही. आता अशी विचारणा आली की मी कागदांच्या आधी घरातल्या वयस्कर बायकांशी बोलायला सांगते. त्यांना आजीची, आत्याची, मावशीची पाळण्यातली नावं पाठ असतात, कारण माहेरपणाला आलेल्या बाईला माहेरी जुन्याच नावाने हाक मारायचे. एका बाईच्या आठवणीतून सहज तीन पिढ्या मागे जाता येतं आणि तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला टेकतो.

दुसरं म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वरला गेलेल्या यजमानांच्या घराण्याची नामावळ तिथले उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. या घराला वेळ कमी होता म्हणून तिकडे गेलो नाही. तिथेही मुलींची नावं कमीच असतात, पण मुलग्यांचा क्रम आणि गावं पक्की होतात आणि पडताळणीला बळ येतं. दाखल्याला 12 महिने आहेत हे धरून बारसं दिवाळीत ठेवलं असतं तर हेही झालं असतं, पण बाळ चार पावलं टाकायला लागेपर्यंत बिननावाचं ठेवायला आजी तयार झाल्या नसत्या, तेही मला समजतं.

तिसरं, चिकटलेले कागद. पेटीतला तळाचा चिकटलेला गठ्ठा अजून तसाच आहे. तो घरी वाफ देऊन सोडवायचा प्रयत्न करू नका असं सांगून ठेवलंय, शाई फुटते, हे काम कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यायला हवं. तोवर तो जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, माळ्यावरून उतरवून, कोरड्या कपाटात ठेवलाय.

ठकूच्या सासरचा पत्ता अजून लागलेला नाही. यादीत गावाचं नाव स्वच्छ आहे, पण त्या नावाची गावं दोन तालुक्यांत आहेत आणि आडनावाची फक्त शेवटची दोन अक्षरं उरलीयत, 'कर', ज्याने कोकणात काहीच ठरत नाही. सुनेने दोन्ही गावांतल्या ओळखीच्यांना यादीचा फोटो पाठवलाय, आणि एका घरातून आमच्याकडेही एक वंशावळ आहे, गणपतीत गावी गेलो की बघून सांगतो, असं उत्तर आलंय.